सशाला नाव शिकवायला क्लिकर घेताय? आधी त्याचा आवाज ऐका

क्लिकर म्हणजे ते अंगठ्याने दाबायचं छोटं प्लास्टिकचं, दाबलं की टिक्-टक् वाजतं ते. पेट शॉपमध्ये कुत्र्यांच्या पट्ट्यांच्या बाजूला टांगलेलं असतं, पाकिटावर चित्रसुद्धा कुत्र्याचंच. मी तो सशासाठी घेतला, बरेच महिने वापरतेय, आणि सशाला नाव ओळखायला शिकवण्यासाठी तो खरंच कामाचा आहे असं माझं ठाम मत झालंय. फक्त कोणता घ्यायचा आणि कसा वापरायचा यात खूप फरक पडतो आणि ते पाकिटावर कुठेच लिहिलेलं नसतं, म्हणून हा एवढा मोठा रिव्ह्यू.

आमची बुंदी, पांढरी, अंगावर तपकिरी ठिपके, लालबागला वन रूम किचनमध्ये आमच्यासोबत मोकळीच राहते, पिंजरा फक्त झोपायला. तिला हाक मारली की तिने यावं एवढीच माझी अपेक्षा होती, बाकी उड्या, हात मिळवणं वगैरे काही नको. आणि हे हौसेपोटी नाही हं. आमच्याकडे दार दिवसभर उघडं असतं, शेजारची मुलं, पेपरवाला, कचरेवाला, सतत कुणीतरी ये-जा करत असतं, दाराबाहेर कॉमन पॅसेज आणि पुढे जिना. ससा एकदा का त्या दारातून सुसाट सुटला की मागे धावून काही फायदा नाही, उलट तो आणखी पळतो, कारण मागून धावत येणारं जे काही असेल ते त्याच्या लेखी शिकारीच असतं. त्याला स्वतःहून मागे वळावंसं वाटलं पाहिजे, दुसरा उपायच नाही.

मी दोन प्रकारचे घेतले. पहिला दादरच्या एका दुकानातून, तो नेहमीचा चौकोनी डबीवाला, आत स्टीलची पट्टी असते ती दाबली की वाकते आणि सोडली की परत येते, दोन्ही वेळा आवाज. दुसरा ऑनलाइन मागवला, बटणवाला, वर गोल फुगीर बटण आणि मनगटात अडकवायला गुंडाळीसारखा प्लास्टिकचा पट्टा. दोन्ही शंभर-दीडशेच्या आतबाहेर, म्हणजे पैशाचा प्रश्न नाहीये. प्रश्न आवाजाचा आहे.

डबीवाला भयंकर कडक वाजतो. कुत्र्यांसाठी ठीक आहे, त्यांना मैदानात लांबून ऐकू जायला हवं. ससा आपल्या पायाशी बसलेला असतो, आणि त्याचे कान म्हणजे काय चीज आहे हे समजून घ्या, माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, सशाला त्याच्या दुप्पट वरपर्यंत, आणि दोन्ही कान एकमेकांपासून स्वतंत्र फिरवता येतात. मी डबीवाला पहिल्यांदा दाबला तशी बुंदी जागच्या जागी उडाली, थेट दिवाणाखाली, आणि आतून मागचा पाय धप्पकन आपटला. ससे पाय आपटतात म्हणजे बाकीच्यांना सांगतात की धोका आहे, सावध व्हा. ज्या आवाजाचा अर्थ तिने ‘आता खाऊ मिळणार’ असा घ्यायला हवा त्याचा अर्थ तिने ‘पळा’ असा घेतला. दुकानदाराला मी आधी विचारलं होतं की यापेक्षा हळू वाजणारा आहे का, तर तो म्हणाला, ‘मॅडम, सशाला काय शिकवताय, ससा फक्त खातो.’ हे असं बोललं जातं म्हणूनच लोक सशाला आयुष्यभर पिंजऱ्यात ठेवतात, आणि मला याचं फार वाईट वाटतं. ससा भरपूर शिकतो. शिकवणाराने त्याच्या कलाने घेतलं पाहिजे एवढंच.

बटणवाला मात्र मस्त. आवाज बारीक, गोल, एकच टिक् ऐकू येतं. त्यालाही मी सुरुवातीला जाड मोज्यात घालून, हात पाठीमागे धरून वाजवला, मग हळूहळू मोजा काढला. ज्यांच्याकडे डबीवालाच आहे त्यांनी तोही नॅपकिनमध्ये गुंडाळून खिशात ठेवून वाजवावा, चालतो. नाहीतर टिकटिक करणारं बॉलपेन घ्या, खूप बुजऱ्या सशाला तेच बरं.

आता बरेच जण विचारतात की मग क्लिकरच कशाला, तोंडाने ‘शाब्बास’ म्हटलं तर काय बिघडलं. बिघडत काही नाही. पण आपल्या घरात दिवसभर माणसं बोलतच असतात, टीव्ही चालू, फोन चालू, त्यात तुमचं शाब्बास सशाला वेगळं कसं कळणार. शिवाय माझा आवाज वेगळा, सासूबाईंचा वेगळा, मुलीचा तर एकदम चिरका. क्लिक कुणीही वाजवला तरी सारखाच वाजतो आणि क्षणात संपतो, त्यामुळे सशाला नेमकं कळतं की मी आत्ता हे जे केलं ना, त्याचा खाऊ आहे. ही पद्धत काही नवीन नाही. अमेरिकेत १९४०च्या दशकात स्किनर या मानसशास्त्रज्ञाचे विद्यार्थी केलर आणि मेरियन ब्रेलँड या नवराबायकोने असाच खटका वाजवून कोंबड्या, डुकरं आणि हो, ससेसुद्धा शिकवले होते. डॉल्फिनवाले याच कामासाठी शिटी वापरतात. त्यातल्याच एक, केरन प्रायर, यांच्यामुळे १९९०च्या दशकात क्लिकर घरोघरच्या कुत्र्यांपर्यंत पोचला. सशांचं नाव त्यात मागे पडलं ते पडलंच.

वापरायचा कसा ते सांगते, कारण पाकिटातल्या चिठोऱ्यावर ‘सीट’ आणि ‘स्टे’च्या पलीकडे काही नव्हतं. आधी नाव घ्यायचंच नाही. नुसतं टिक्, लगेच खाऊ. टिक्, खाऊ. असं थोडा वेळ, सकाळी आणि तिन्हीसांजेला, कारण ससे तेव्हाच सगळ्यात जास्त जागे आणि उत्साहात असतात, दुपारी त्यांना उठवून शिकवायला जाऊ नका. टिक् झाल्याबरोबर ती मान वर करून हाताकडे बघायला लागली की समजायचं टिक्चा अर्थ पोचला. मग नाव. ती दुसरीकडे बघत असताना, पण घाबरलेली नसताना, नेहमीच्या आवाजात एकदाच हाक मारायची आणि थांबायचं.

आणि इथे बारीक लक्ष लागतं. बुंदी चटईवर पाय पोटाखाली घेऊन बसली होती, डोळे अर्धे मिटलेले, मी मागून म्हटलं ‘बुंदी’. डोकं हललं नाही, शरीर हललं नाही, फक्त उजवा कान एकटा सावकाश मागे वळला माझ्याकडे. तोच तो क्षण, तिथेच टिक् करायचं. ती उठून येईपर्यंत थांबलात तर सुरुवातीला काहीच हाती लागणार नाही, कारण सशाचं लक्ष आधी कानात येतं, मग मानेत, मग पायात. आधी कान वळल्याचा खाऊ, मग मान वळल्याचा, मग एक पाऊल टाकल्याचा, मग चटईच्या त्या टोकाकडून या टोकाला आल्याचा. असं करत करत आता ती किचनमधून बाहेर येते, दाराच्या उंबऱ्यावरून परत फिरते. मी गॅसजवळ उभी असते आणि मागून तिची नखं फरशीवर वाजतात, अजूनही मला तितकाच आनंद होतो.

खाऊ अगदी नाकासमोर धरू नका, सशाला जवळजवळ सगळीकडचं दिसतं पण नाकाच्या बरोबर पुढचं आणि हनुवटीखालचं दिसत नाही, तो तिथे वासाने आणि मिशांनी चाचपतो आणि चुकून बोट चावतो. जरा बाजूला, गालाजवळ धरा.

चटईचा विषय निघालाच आहे तर, कृपया शिकवताना सशाला गुळगुळीत टाइल्सवर बोलावू नका. त्याच्या पंजाला कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते, नुसती लव असते, त्यामुळे तो घसरतो आणि घसरायच्या भीतीने येतच नाही, आणि आपण म्हणतो की नाव कळत नाही. सतरंजी टाका, जुनी योगा मॅट टाका, रस्ता तयार करून द्या. आमच्याकडे निम्मा फरक यानेच पडला.

आता एक गोष्ट जी जवळपास प्रत्येक सशाच्या घरात होते. सासूबाई रोज संध्याकाळी कोथिंबीर निवडायला बसतात आणि ‘बुंदी ये गं’ म्हणतात, बुंदी धावत हजर. आई म्हणायच्या, ‘बघ, मला बरोबर ओळखते ती, तुझं ते यंत्र नको नि काही नको.’ मग मी त्यांना म्हटलं, आई, आज नुसती पिशवी वाजवा, नाव घेऊ नका. पिशवी वाजली, बुंदी आली. दुसऱ्या दिवशी पिशवी आत ठेवून आईंनी नुसती हाक मारली, चार वेळा मारली, बुंदीने कान पण हलवला नाही. म्हणजे ती पिशवीच्या आवाजाला येत होती, नाव तिच्या कानावरून नुसतं जात होतं. हे तपासून बघाच तुमच्याकडे. पिशवी, डबा उघडायचा आवाज, फ्रीजचं दार, यातलं काहीही नावाच्या आधी वाजलं की सशाला नाव ऐकायची गरजच उरत नाही. म्हणून खाऊ आधीच काढून मुठीत किंवा खिशात लपवायचा, खोलीत निवांत बसायचं, थोडा वेळ जाऊ द्यायचा, मग आधी नाव, मग टिक्, मग मूठ उघडायची. क्रम बदलला की सगळं फुकट. आईंना हे पटलं आणि आता त्याच सगळ्यात शिस्तीत शिकवतात, क्लिकर त्यांच्या चष्म्याच्या घरात असतो.

खाऊचं मात्र कळकळीने सांगते. कुत्र्याला शिकवताना उपाशी ठेवा, भुकेला असला की लवकर शिकतो, असं सांगणारे भेटतात. सशाच्या बाबतीत हे कधीही करायचं नाही, कधीही म्हणजे कधीही. सशाचं पोट सतत चालू राहावं लागतं, दहा-बारा तास खाल्लं नाही तर आतडी थंडावतात आणि जीवावर बेतू शकतं, तसं झालं तर सकाळची वाट न बघता डॉक्टरकडे न्यावं लागतं. गवत, म्हणजे टिमोथी नावाचं किंवा तसलंच सुकं गवत, चोवीस तास समोर पाहिजे, त्याच्या आहाराचा मोठा भाग तोच. शिकवायला त्याच्या वाट्याच्या पाल्यातूनच काढायचं, कोथिंबिरीची दोन पानं, पुदिन्याचं एक पान, पेलेटचा, म्हणजे सशाच्या तयार खाद्याचा, एक दाणा. केळं आवडतं पण नखाएवढा तुकडा आणि तोही कधीतरीच, साखर असते त्यात, गाजराचंही तेच. क्लिकरसोबत दुकानदार ती मधाची काडी आणि मका-सूर्यफूल बियांचं रंगीत मिक्स गळ्यात मारतात, ते अजिबात घेऊ नका, दातांना आणि पोटाला दोन्हीला वाईट.

वेळ तीन-चार मिनिटं, बास. ती पाठ करून बसली, तोंड धुवायला लागली, मागचे पाय झटकत निघून गेली की तिचा मूड संपला, आपणही उठायचं. आणि आलेल्या सशाला लगेच उचलायचं नाही. बहुतेक सशांना उचललेलं आवडत नाही, त्यांना जंगलात उचलतो तो शिकारीच, घार, ससाणा वगैरे. हाक मारून जवळ बोलावलं आणि नखं कापली, औषध पाजलं, पिंजऱ्यात कोंडलं, असं दोन-तीनदा झालं की नाव कायमचं खराब होतं. त्या कामांसाठी नाव न घेता बाजूने शांतपणे जवळ जाऊन बसायचं. वायर कुरतडताना पण ‘बुंदीऽऽ’ करून ओरडायचं नाही, टाळी वाजवा, काहीही करा, नाव मध्ये आणू नका. घरात नाव पण एकच ठेवा, आमची मुलगी तिला बुंद्या, बुंदकुली, सोनी, काय काय म्हणायची, शिकेपर्यंत तेवढं थांबवलं.

क्लिकर कुठे चालत नाही तेही सांगायला हवं. लालबागला गणपतीचे दहा दिवस काय असतं ते मुंबईकरांना सांगायला नको, आगमन सोहळ्यापासून विसर्जनापर्यंत ढोल-ताशे, बेंजो, फटाके. त्या काळात शिकवणं पूर्ण बंद, हाका मारणं पण बंद. घाबरलेला ससा दगडासारखा थिजून बसतो, तेव्हा त्याला नाव ऐकू येतं पण पाय उचलत नाहीत, आणि त्या भीतीत नाव मिसळलं तर नंतर निस्तरायला फार वेळ जातो. दोन दारं कापलेला पुठ्ठ्याचा खोका आतल्या भिंतीला लावून देते, खिडक्या बंद, वर चादर, आणि आमच्यातलं कुणीतरी जवळ गप्प बसून. सगळं शांत झालं की पहिल्यासारखं सोप्यापासून सुरू करायचं, पटकन आठवतं त्यांना. मे महिन्यातल्या दुपारी पण नको, तिशीच्या वर पारा गेला की सशाला उन्हाचा त्रास होतो, त्याला फरशीवर पसरू दे, थंड पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा, शिकवणी संध्याकाळी.

आणि मनापासून शिकवूनही कान वळतच नसेल तर क्लिकरला किंवा सशाला दोष देण्याआधी कान तपासून घ्या. लोंबत्या कानांच्या लॉप जातीत कानाचे त्रास जास्त होतात, काहींना ऐकूही कमी येतं. सशांची माहिती असलेल्या डॉक्टरला दाखवा, सगळ्यांना नसते, आधी फोन करून विचारा. ऐकू कमी येणाऱ्याला फरशीवर हलकेच बोटं वाजवून शिकवता येतं, त्याला कंप कळतो. मादीची नसबंदी झाली नसेल तर तेही बोलून घ्या, मध्येच ती स्वतःची लव उपटून घरटं करत बसते, पोटात पिल्लं नसतानासुद्धा, त्या दिवसांत ती कुणाचंच ऐकत नाही. शिवाय नसबंदी न केलेल्या माद्यांना वय वाढलं की गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका मोठा असतो, त्यामुळे तो विचार तसाही करायलाच हवा.

टिकाऊपणाबद्दल. डबीवाल्याची स्टीलची पट्टी पहिल्याच पावसाळ्यात गंजली, मुंबईची हवाच तशी, आणि गंजल्यावर आवाज बसका झाला, कधी वाजायचा कधी नाही. हे मामुली वाटेल पण आवाज बदलला की सशासाठी ती खूणच बदलते. बटणवाल्याची पट्टी आत झाकलेली आहे, तो अजून तसाच वाजतो, तरी जून ते सप्टेंबर मी तो तांदळाच्या छोट्या पुडीसोबत झाकणाच्या डबीत ठेवते. मनगटाचा पट्टा मात्र सशाच्या समोर पडू देऊ नका, ते प्लास्टिक दोन मिनिटांत कुरतडून पोटात जाईल. आणि लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका, त्यांना टिकटिक करत बसायला आवडतं, पण प्रत्येक टिक्ला खाऊ मिळाला नाही की सशाचा त्यावरचा विश्वास जातो.

बटणवाल्याला माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो पट्ट्यामुळे आणि आत सशासाठी एक ओळ पण लिहिलेली नाही म्हणून. डबीवाल्याला अडीच. खूप बुजरा, नुकताच क्रॉफर्ड मार्केटमधून किंवा कुठूनही आणलेला छोटा ससा असेल तर घाई करू नका, आधी काही आठवडे नुसतं त्याच्याजवळ जमिनीवर बसा, हातातून खायला लागू दे, मगच क्लिकर काढा.

दुकानात घेणार असाल तर पाकीट फोडून एकदा स्वतःच्या कानाजवळ वाजवून बघू द्या असं हक्काने सांगा, तुम्हाला दचकायला झालं तर तो सशासाठी नाही. ऑनलाइन घेणार असाल तर ‘सॉफ्ट’ किंवा ‘क्वाएट’ असं लिहिलेला, बटणवाला, आणि पट्टा काढता येणारा बघा. दोन घ्या, एक किचनमध्ये राहू दे.